खांद्यावरचा हात

करमणुकीच्या कार्यक्रमाची समीक्षा करावी काय, असा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. कविता, कथा, आत्मकथन यांची आपण कसून चिकित्सा करतो. लाखो घरांत एकाच वेळी शिरणाऱ्या खेळाच्या कार्यक्रमाकडे मात्र 'वेळ घालवणे' म्हणून पाहतो. समाज गंभीरपणे बोलत असताना जे झाकून ठेवतो, ते हसताना त्याच्या तोंडून निसटते. म्हणूनच ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका जुन्या कार्यक्रमातल्या एका प्रसंगाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रसंग अगदी साधा आहे. एका फुटबॉलपटूने एका राजकन्येच्या खांद्यावर हात टाकला. १९८७ सालची ही गोष्ट. पण तो हात तेथे अजून आठवला जातो, त्याच्यावर हसले जाते. एवढे हसण्यासारखे त्यात काय होते?

कार्यक्रमाचे नाव 'अ क्वेश्चन ऑफ स्पोर्ट'. बी.बी.सी.ने तो ५ जानेवारी १९७० रोजी सुरू केला आणि पुढे पाच दशकांहून अधिक काळ चालवला. दोन संघ, प्रत्येक संघाचा एक कर्णधार, त्याच्यासोबत दोन पाहुणे खेळाडू, आणि प्रश्न विचारणारा एक सूत्रधार. पहिल्याच भागातील पाहुण्यांत जॉर्ज बेस्ट हा त्या काळचा सर्वांत गाजलेला फुटबॉलपटू होता. या खेळात एक चित्रांचा फलक असे. त्यावरचा क्रमांक निवडायचा, मग त्यामागचे छायाचित्र उघडे व्हायचे आणि त्यातील खेळाडू ओळखायचा. चेहरा अर्धवट दिसे, कधी कोन विचित्र असे. थोडक्यात, माणूस ओळखण्याचा हा खेळ होता.

एम्लिन ह्यूज हा १९८० च्या दशकात या कार्यक्रमातील एका संघाचा कर्णधार होता. १९४७ साली बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात तो जन्मला. वडील रग्बी लीगचे खेळाडू. ब्लॅकपूल संघाकडून १९६७ मध्ये पासष्ट हजार पौंडांना तो लिव्हरपूलकडे आला. १९७७ आणि १९७८ असे लागोपाठ दोनदा युरोपियन चषक उचलणारा लिव्हरपूलचा कर्णधार तो हाच. इंग्लंडकडून तो ६२ सामने खेळला. मैदानावर बेभान धावणारा म्हणून त्याचे टोपणनावच 'क्रेझी हॉर्स' पडले होते. दूरचित्रवाणीवरही तो तसाच होता. किंचित चिरका आवाज, रंगीत स्वेटर, बरोबर उत्तर आले की लहान मुलासारखा आनंद. २००४ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी तो वारला.

आता प्रसंग. चित्रफलकाच्या फेरीत ह्यूजपुढे घोड्यावर बसलेल्या, चिखलाने माखलेल्या एका स्वाराचे चित्र आले. त्याने ठामपणे उत्तर दिले, 'जॉन रीड', म्हणजे त्या काळचा एक व्यावसायिक जॉकी. ती राजकन्या ॲन निघाली. देशभर हशा पिकला. पुढे ५ फेब्रुवारी १९८७ रोजी कार्यक्रमाचा दोनशेवा भाग प्रसारित झाला, तेव्हा तीच राजकन्या ह्यूजच्या संघात पाहुणी म्हणून बसली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ती घोडेस्वारीत उतरली होती, तेव्हा खेळाडू म्हणून तिची जागा तेथे होतीच. खेळाच्या भरात ह्यूजने तिच्याभोवती हात टाकला. राजघराण्यातील व्यक्तीला आपण होऊन स्पर्श करायचा नाही, हा तेथला रूढ शिष्टाचार. तो या हाताने मोडला. हा भाग सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकांनी पाहिला. राजकन्येनेही तो हात हसून स्वीकारला.

प्रथम चिखलाचा विचार करू. चिखलाखाली राजकन्या आणि पगारी जॉकी सारखेच दिसतात, हे त्या फलकाने नकळत कबूल केले. दर्जा हा माणसाच्या चेहऱ्यात नसतो, कपड्यांत, वाड्यात आणि ओळख करून देणाऱ्याच्या आवाजात असतो, हे एका चुकीच्या उत्तराने एका क्षणात सिद्ध झाले. प्रेक्षक हसले ते ह्यूजच्या फजितीला. पण फजिती खरी कोणाची झाली, हे विचारायला हवे होते. येथे मला आमच्या वस्तीतील माणसे आठवतात. त्यांच्याही अंगावर चिखल असे. पण तो त्यांना झाकत नसे. दुरूनच त्यांची ओळख पटे आणि हाकही त्याच ओळखीने येई. राजकन्येने चिखल धुतला की तिचा दर्जा परत येतो. आमच्या माणसाने चिखल धुतला, पदवी घेतली, इस्त्रीचे कपडे घातले, तरी समोरचा आडनाव विचारतो आणि धुतलेला चिखल पुन्हा अंगावर फेकतो.

आता हाताचा विचार. ह्यूजच्या हातात लाचारी नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कामगारांच्या गावातून आलेला, शाळेपेक्षा मैदानात अधिक शिकलेला हा माणूस राजकन्येशेजारी बसून आकसला नाही. आपल्या संघातला गडी म्हणून त्याने तिच्याकडे पाहिले. खेळाने त्याच्या शरीराला दिलेली ही समता आहे आणि तिचे मोल कमी नाही. पण हा हात चालला कसा? तो खेळातला होता म्हणून. आपल्याकडे शिमग्यात पाटलाच्या नावाने बोंब मारायला मुभा असे. धुळवडीच्या दिवशी राख कोणाच्याही अंगावर पडे. दुसऱ्या दिवशी मात्र पाटील पाटीलच असे आणि बोंब मारणारा वेठीला उभा असे. व्यवस्था अशी मुभा देते, कारण तिला आपल्या टिकण्याची खात्री असते. दोनशेव्या भागानंतर राजवाड्याची एक वीटही हलली नाही. उलट 'बघा, राजकन्याही किती मोकळी!' असे कौतुक झाले. हात ह्यूजचा होता, पण त्याची पुण्याई राजघराण्याच्या खात्यावर जमा झाली.

याचा दोष ह्यूजला देण्यात अर्थ नाही. एका खेळाडूच्या हाताने राजेशाही मोडावी, ही अपेक्षा वेडगळ आहे. शिवाय तेथील स्पर्शबंदी आणि येथील अस्पृश्यता यांना एका तागडीत तोलणे हाही अन्याय होईल. तेथे एका घराण्याभोवती अदबीचे कुंपण आहे. ते मोडणाऱ्याची थट्टा होते. त्याचे घर जळत नाही, त्याच्या माणसांची डोकी फुटत नाहीत. ह्यूजने हात काढल्यावर राजकन्येला कोणी शुद्ध करून घेतले नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारोंनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तेव्हा लोकांवर लाठ्या चालल्या आणि नंतर ते तळे पंचगव्याने शुद्ध करण्यात आले. तो हात कोणाच्या मर्जीची वाट पाहत थांबला नव्हता.

खेळ समता आणतो, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. पळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातील हा गोलंदाज हिंदू संघाला सामने जिंकून देत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांच्या हातातला चेंडू सवर्ण खेळाडूंच्या हातात जात होता, त्याला विटाळ नव्हता. पण पुण्यात चहाची वेळ झाली की बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला स्पर्श चाले, कपाला चालत नसे. खेळाची समता सीमारेषेवर संपत होती.

यात माझाही एक अनुभव सांगतो. २००४ साली मी दहावीत होतो आणि शाळेच्या कबड्डी संघात होतो. कबड्डी म्हणजे स्पर्शाचाच खेळ. स्पर्श केल्याशिवाय गुण नाही, धरल्याशिवाय पकड नाही. शेजारच्या गावी आम्ही सामना जिंकला, मुलांनी मला खांद्यावर घेतले. नंतर सगळे एका घरी पाणी प्यायला गेले. मुले ओसरीवर बसली, तांब्या फिरला. माझ्या वेळी तो फिरला नाही. घरच्या बाईंनी वरून ओंजळीत पाणी ओतले. ज्यांनी दहा मिनिटांपूर्वी मला खांद्यावर घेतले होते, ते खाली बघत होते. त्यांच्यावर माझा राग नाही. पण तेव्हापासून खेळातल्या मिठीवर मी एकदम विश्वास ठेवत नाही.

इंग्लंडमध्येही कोणता हात आवडीचा आणि कोणता नावडीचा, याचा हिशेब होताच. ह्यूजच्या त्या प्रसंगानंतर अवघ्या एका वर्षाने, फेब्रुवारी १९८८ मध्ये, त्याच्याच लिव्हरपूल संघाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉन बार्न्स गुडिसन पार्कवर खेळत होता. प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने केळे फेकले गेले. त्याने टाचेने ते बाजूला ढकलले. ते छायाचित्र जगभर गेले. आणि हॉवर्ड गेल? लिव्हरपूल शहरातच जन्मलेला, लिव्हरपूलच्या पहिल्या संघातून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. २०१६ मध्ये त्याला राजघराण्याच्या नावाने एम.बी.ई. हा किताब देऊ केला गेला. साम्राज्याने आफ्रिकी माणसांवर केलेल्या अत्याचारांची आठवण देऊन त्याने तो नाकारला. ह्यूजने हात पुढे केला, गेलने मागे घेतला. दूरचित्रवाणीच्या हशात पहिल्या हाताला जागा मिळाली. दुसऱ्या हातातल्या नकारावर हसता येत नाही, म्हणून तो करमणुकीच्या आठवणींत बसत नाही.

या प्रसंगाची चित्रफीत मी वर्गात दाखवली. मुले हसली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, ती रागावली असती तर?"

या प्रश्नापाशी सगळी करमणूक थांबते. ती रागावली असती तर तोच हात उद्धटपणा ठरला असता, तोच ह्यूज अडाणी ठरला असता आणि तोच भाग कदाचित कापला गेला असता. हात निरागस होता की अपराधी, हे ठरवण्याचा अधिकार हाताच्या मालकाकडे नव्हता, खांद्याच्या मालकिणीकडे होता. वरच्याची कृपा आणि खालच्याचा हक्क यांतला फरक यापेक्षा सोपा करून मला शिकवता आला नसता.

त्या मुलीला मी इतकेच सांगितले, की महाडच्या तळ्याकाठी हा प्रश्न कोणी विचारला नाही. ते रागावणार, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते. ते ठाऊक असूनच लोक पाण्यात उतरले होते.