हवाला आणि तटस्थता : फातिमा शेख यांच्या निमित्ताने

मराठी विश्वकोशातील नोंद वाचून संपली की तिच्याखाली लेखकाचे नाव दिसते. त्या नावावर आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या संपादकांच्या अधिकारावर वाचकाने विश्वास टाकायचा, अशी ती रीत. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही रीत उलटी केली. तेथे लिहिणारा कोण आहे, हे कोणी विचारत नाही. हवाला कोठला, एवढेच विचारले जाते. या कोशाची मराठी आवृत्ती २००३ साली आणि उर्दू आवृत्ती २००४ साली सुरू झाली. आज विद्यार्थ्याचा प्रकल्प असो, जयंतीचे भाषण असो की वर्तमानपत्रातील टिपण असो, पहिला हात याच कोशाकडे जातो. म्हणून त्याच्या कसोट्यांची चिकित्सा करणे हे साहित्यिकांचेही काम आहे, असे आम्ही मानतो.

या कोशाचे तीन मुख्य दंडक आहेत. लेखन तटस्थ हवे, प्रत्येक विधान पडताळता आले पाहिजे, आणि लिहिणाऱ्याने स्वतःचे नवे संशोधन तेथे मांडू नये. यांपैकी तटस्थतेचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. दोन बाजू भांडत असतील तर दोघींना निम्मी-निम्मी जागा द्यायची, असा तो अर्थ नाही. विश्वसनीय साधनांत ज्या मताला जेवढे वजन आहे, तेवढेच वजन त्याला द्यायचे, हा खरा दंडक आहे. कोण मोठ्याने बोलतो याला तेथे किंमत नसावी, अशी अपेक्षा आहे.

मुस्लिम वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये. हदीस संकलित करणाऱ्या विद्वानांनी ‘कोणाकडून ऐकले’ या प्रश्नाचे एक पूर्ण शास्त्र उभे केले. प्रत्येक रिवायतीला सनद हवी, सनदेतील प्रत्येक रावीचे चारित्र्य, स्मरणशक्ती आणि काळ तपासला पाहिजे, आणि सनद पक्की ठरली तरी मतन म्हणजे मूळ मजकूरही पारखला पाहिजे. रावींच्या चरित्रांचे ‘अस्माउर्रिजाल’ हे शास्त्र याच गरजेतून वाढले. श्रद्धेच्या क्षेत्रातसुद्धा श्रद्धेला पुरावा मानले गेले नाही, ही त्या परंपरेची थोरवी आहे. आपल्याकडच्या गौरवग्रंथांतून मात्र ती क्वचितच दिसते.

आता फातिमा शेख यांचे उदाहरण घेऊ. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने त्यांच्यावर चित्र प्रसिद्ध केले आणि त्यांचे नाव जगभर गेले. तीनच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पत्रकार दिलीप मंडल यांनी हे पात्र आपणच रचले होते, असा दावा केला. लगेच दोन तट पडले. एकीकडे ‘फातिमा शेख नव्हत्याच’ असा उत्साह, दुसरीकडे ‘प्रश्न विचारणे हाच अपमान’ असा संताप. दोन्हींत तहकीक कमी आणि जोश जास्त होता.

साधनांकडे वळले की चित्र स्वच्छ होते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. सावित्रीबाई तेव्हा आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात आहे, आणि तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केला. १९८८ मध्ये छापून झालेले नाव नंतरच्या काळात कोणी रचू शकत नाही. ‘रचले’ हा दावा येथेच निकालात निघतो. तटस्थतेच्या नावाखाली या दाव्याला पुराव्याच्या बरोबरीने बसवणे, हा तटस्थतेचाच भंग होईल.

पण हीच कसोटी गौरव करणाऱ्यांनाही लावली पाहिजे. एका ओळीतून फातिमा होती, ती सावित्रीबाईंच्या जवळची होती आणि त्यांच्यामागे तिच्यावर भार पडत होता, इतके सिद्ध होते. ‘शेख’ हे आडनाव, ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख, ‘पहिली मुस्लिम शिक्षिका’ ही पदवी यांतले काहीही त्या ओळीत नाही. यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र सनद लागते. प्रत्यक्षात होते असे, की एका जयंतीच्या लेखात तारीख येते, कोशात तिची नोंद होते, मग पुढचा लेखक कोशावरून ती उचलतो आणि कोश पुन्हा त्याच लेखाचा हवाला देतो. दहा हवाले दिसतात, पण रावी एकच असतो. हदीसशास्त्रात अशी सनद एका दिवसात निकालात निघाली असती. विरोधकाला पहिला धोंडा अशा पोकळ तपशिलानेच हाती मिळतो.

या कोशाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२ साली ‘द ह्यूमन स्टेन’ या आपल्याच कादंबरीबद्दलचे विधान दुरुस्त करून हवे होते. लेखकाचा शब्द पुरेसा नाही, दुय्यम साधन हवे, असे उत्तर मिळाले. त्यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये खुले पत्र छापले, तेव्हा त्या पत्राचाच हवाला झाला. रॉथ यांच्यासाठी ‘न्यूयॉर्कर’चे दार उघडे होते. ज्याला छापखान्याचे दार कधी दिसलेच नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न आपल्या समाजाच्या फार जवळचा आहे. खेड्यातील मुसलमान बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, दर्ग्याच्या मुजावरांकडच्या हकिकती, दखनी बोलीतल्या म्हणी हे सगळे कंठातून कंठात आले. छापील हवाला हीच एकमेव सनद मानली तर हे ज्ञान अस्तित्वातच नव्हते, असे ठरेल. २०११ साली अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखतींचा हवाला म्हणून वापर करण्याचा प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांसाठी तो होता. इंग्रजी आवृत्तीत ती वाट रुळली नाही. आमच्या मते हा त्या कोशाचा खरा दोष आहे. रावीला पारखण्याची पद्धत तयार करण्याऐवजी त्याने रावीलाच दाराबाहेर ठेवले.

दोष दाखवून आपले काम मात्र संपत नाही. काझींच्या निकाहनोंदी, जुन्या शाळांची हजेरीपत्रके, मोडी आणि फारसीतल्या इनामाच्या सनदा, कब्रस्तानातले शिलालेख अजून गावोगाव पडून आहेत. ज्येष्ठ स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या हयातीत, नाव-गाव-तारखेसह उतरवून घेता येतील. मुस्लिम मराठी साहित्य चळवळीने कविता-कथेला जेवढी पाने दिली, तेवढीच या संकलनाला द्यावीत. ते छापले गेले की हवाला आपोआप तयार होईल.

फातिमा शेख यांना आपल्या विशेषणांची गरज नाही. १८५६ च्या त्या एका ओळीला जोड देणारी दुसरी अस्सल ओळ जो शोधून काढील, त्यानेच त्यांचा खरा गौरव केला असे आम्ही समजू.