युनिक्सचे मौन : एका संकेताची चिकित्सा

पडद्यावर काहीच न दाखवणारा प्रोग्रॅम कामात मग्न आहे की अडकला आहे, हे वापरकर्त्याला सहसा कळत नाही. सांगण्यासारखे नसेल तर गप्प राहावे, हा संकेत १९६९ साली बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या युनिक्स प्रणालीच्या परंपरेत रुजला. टेलिटाइपवर सेकंदाला जेमतेम १० अक्षरे उमटत. पुढे १९७३ मध्ये पाइपची सोय आली आणि एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याकडे जाऊ लागला. त्या काळी हे मौन सयुक्तिकच होते.

'सॉर्ट' या आज्ञेत मात्र त्याची मर्यादा स्पष्ट होते. सर्व ओळी वाचून होईपर्यंत ती काहीच छापू शकत नाही. फाइलचे नाव द्यायचे राहिल्यास ती कळफलकावरील मजकुराची वाट पाहत बसते. दोन्ही वेळी पडदा कोराच. पहिल्या स्थितीत 'कंट्रोल-सी' दाबल्यास झालेले काम वाया जाते. दुसऱ्या स्थितीत वाट पाहणे व्यर्थ ठरते.

पाइपमधील मजकूर शुद्ध राहावा, हा बचावही अपुरा आहे. त्रुटी-संदेशांचा स्वतंत्र प्रवाह १९७०च्या दशकातच उपलब्ध झाला होता. प्रगतीची नोंद त्यावरून देता आली असती. तरीही जीएनयूच्या 'डीडी'ला ती सतत दाखवण्याचा पर्याय २०१५ साली मिळाला.

'टॉप'मध्ये प्रोसेसरचा वापर दिसला तरी शंका फिटत नाही, कारण निष्फळ आवर्तनात फिरणारा प्रोग्रॅमही प्रोसेसर वापरतोच. कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ट्यूरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले. म्हणून किती काम झाले, हे सांगण्याची जबाबदारी प्रोग्रॅम रचणाऱ्यावरच येते.