‘शरीराला सवय होते’: एका विधानाची चिकित्सा



संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या की पहिले काही दिवस अनेकांना जळजळ, मळमळ होते. मग कोणीतरी धीर देते, "थोडे दिवस सोसा, शरीराला सवय होते." माझ्या आईलाही हेच सांगितले गेले. तिची जळजळ खरोखर थांबली. काही महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागली म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७ वर आले होते. जठरातल्या व्रणातून नकळत रक्त जात होते.

मी डॉक्टर नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात मापन हा विषय शिकवतो. त्यामुळे या वाक्याला मी माझ्या विषयातला प्रश्न विचारतो: सवय झाली असे म्हणताना नेमके काय मोजले?

आधी विधानातला खरा भाग पाहू. निरोगी स्वयंसेवकांना ॲस्पिरिन देऊन एंडोस्कोपी केली, तेव्हा पहिल्या काही दिवसांत जठराच्या अस्तरावर ओरखडे व रक्ताचे ठिपके दिसले. तोच डोस चालू ठेवला तरी एक-दोन आठवड्यांत अनेकांमध्ये ते कमी झाले. अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो, नव्या पेशी वेगाने तयार होतात. म्हणजे जुळवून घेणे ही कल्पना निराधार नाही.

पण हा निष्कर्ष वरवरच्या इजेचा आणि थोड्या दिवसांचा आहे. रुग्ण गोळ्या वर्षानुवर्षे घेतो, आणि खोल व्रण ही वेगळी गोष्ट आहे. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले की ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. या शोधाला पुढे १९८२ चे नोबेल मिळाले. सूज वाढवण्यात प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो, पण जठराचे संरक्षक श्लेष्म टिकवण्याचे कामही तेच करते. औषधाचा हा परिणाम रक्तातूनही होतो. म्हणून जेवणानंतर गोळी घेतल्याने किंवा गोळीवरच्या आवरणाने त्रास कमी वाटला, तरी धोका संपत नाही.

विधानातली मोठी चूक मात्र वेगळीच आहे. त्यात त्रास आणि इजा या दोन राशी एकच मानल्या आहेत. धोक्याची घंटा थांबली, तर आग विझली असेल किंवा घंटेची तार तुटली असेल. इथे तर औषधच वेदनाशामक आहे. विशेषतः वृद्धांमध्ये कोणतेही दुखणे न जाणवता व्रण रक्तस्रावापर्यंत पोहोचू शकतो.

दुसरी चूक निवडीची. ज्यांना गोळ्या सोसल्या नाहीत त्यांनी त्या सोडल्या. उरलेल्यांना पाहून ‘सगळ्यांना सवय झाली’ म्हणणे म्हणजे नापास झालेल्यांची नावे वगळून वर्गाचा निकाल लावणे.

तिसरी चूक कालावधीची, आणि ती तज्ज्ञांच्या लेखनातही सापडते. २००० मध्ये सेलेकॉक्सिबची आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅकशी तुलना करणारा ‘क्लास’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण सुमारे ८,००० होते. लेखात पहिल्या ६ महिन्यांचे निष्कर्ष मांडले होते आणि नवी गोळी जठराला सौम्य असल्याचे चित्र उभे राहिले. प्रत्यक्षात चाचणी त्यापुढेही चालली होती. पूर्ण काळाची आकडेवारी पाहिल्यावर ते चित्र टिकले नाही. आलेख कुठे थांबवला, हे नेहमी विचारा.

शिवाय सगळी औषधे एका मापाने मोजता येत नाहीत. आमवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काहींना कालांतराने गोळी नुसती पाहूनही मळमळ होते. शरीर शिकते खरे, पण इथे उलट दिशेने.

तेव्हा विधान असे लिहायला हवे: काही औषधांमुळे होणारी सुरुवातीची वरवरची इजा अनेकांमध्ये कमी होते, त्रास थांबणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर काळी डांबरासारखी शौच, वाढता थकवा किंवा धाप दिसताच डॉक्टरांना गाठा. गोळ्यांमध्ये बदल करायचा तो त्यांच्या सल्ल्याने.

विचारासाठी प्रश्न: तुमच्या विषयातले ‘सवय होते’ किंवा ‘आपोआप स्थिरावते’ असे एक विधान घ्या. त्यात काय मोजले, कोणावर मोजले आणि किती काळ मोजले, ते लिहा.