ऑथेल्लो : प्रेम, हिंसा आणि मृत्यू

इंग्रज नाटककार विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याची एक श्रेष्ठ शोकात्मिका. तिचे लेखन सु. १६०३-०४ मध्ये झाले असावे. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्सच्या दरबारी झालेला प्रयोग हा तिचा पहिला नोंदलेला प्रयोग होय. व्हेनिसच्या सेवेतील मूर सेनापती ऑथेल्लो आणि वडिलांच्या संमतीवाचून त्याच्याशी विवाह करणारी डेस्डिमोना यांच्या सहजीवनाचा विध्वंस हा या नाटकाचा विषय आहे. ऑथेल्लोच्या हाताखालील अधिकारी इयागो हा डेस्डिमोनाचे कॅसिओशी अनैतिक संबंध असल्याचा संशय त्याच्या मनात रुजवितो. एका हरवलेल्या रुमालाला पुरावा मानून ऑथेल्लो पत्नीला शय्येवर गुदमरवून ठार करतो आणि सत्य उघडकीस आल्यावर आत्महत्या करतो.

प्रेम, हिंसा आणि मृत्यू ही त्रयी जगातील असंख्य साहित्यकृतींत आढळते. तथापि पत्नीची हत्या ही पतीच्या प्रेमाच्या अतिरेकातून घडते, ही रूढ समजूत या नाटकात जितक्या बारकाईने मांडली व तपासली गेली आहे, तितकी ती क्वचितच अन्यत्र आढळते. ही समजूत नाटकात ऑथेल्लोच्या तोंडी येते. पण ती नाटकाची समजूत नव्हे. हा भेद समीक्षेच्या, रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या इतिहासात अनेकदा पुसला गेला. त्यामुळे या नाटकाचे चार शतकांतील ग्रहण हा हत्येची कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते, या प्रश्नाचाही इतिहास आहे.

मूळ कथा व नाट्यरूप : इटालियन लेखक जिराल्दी चिंतिओ याच्या १५६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहातील एका कथेवर हे नाटक आधारित आहे. त्या कथेत नाव फक्त डिस्डेमोनाला आहे; इतर पात्रे मूर, ध्वजाधिकारी, नायक अशा हुद्द्यांनीच ओळखली जातात. ध्वजाधिकारी स्वतः डिस्डेमोनावर आसक्त असून तिने दाद न दिल्यामुळे तो सूडास प्रवृत्त होतो. मूर आणि ध्वजाधिकारी मिळून तिची हत्या करतात : वाळू भरलेल्या मोज्याने तिला मारले जाते आणि नंतर छत पाडून अपघाताचा देखावा केला जातो. मूर अखेरपर्यंत गुन्हा कबूल करीत नाही. पुढे डिस्डेमोनाचे नातलग त्याचा वध करतात.

शेक्सपिअरने या कथेत केलेले बदल अर्थपूर्ण आहेत. त्याने हत्येच्या क्षणी इयागोला दूर ठेवले आणि ते कृत्य पूर्णतः ऑथेल्लोच्या हाती सोपविले. हत्येला त्याने कटाऐवजी न्यायदानाचे रूप दिले. आपण खून करीत नसून एक आवश्यक यज्ञ करीत आहोत, अशी ऑथेल्लोची धारणा असते. तो निद्रिस्त पत्नीचे चुंबन घेतो, तिच्या सौंदर्याने द्रवतो आणि तरीही निश्चयापासून ढळत नाही. प्रेमाची भाषा आणि हिंसेची कृती येथे इतकी एकवटते, की प्रेक्षकाने सावध राहिले नाही, तर भाषेच्या वैभवाने कृतीवर पडदा पडतो.

हा पडदा दूर करण्याची सामग्रीही नाटकातच आहे. हत्या ही क्षणिक उद्रेकाची परिणती नाही. तिच्या पायऱ्या शेक्सपिअरने क्रमाने दाखविल्या आहेत. प्रथम पाळत आणि उलटतपासणी, मग शिवीगाळ, पुढे व्हेनिसहून आलेल्या पाहुण्यांसमक्ष मारलेली थप्पड आणि शेवटी वध असा हा क्रम आहे. वधाच्या साधनाचीही आधी चर्चा होते : ऑथेल्लो विषाचा विचार करतो आणि इयागो शय्येवरच गळा दाबण्याची सूचना करतो. शिवाय ऑथेल्लोच्या उद्गारांत विरहाच्या भीतीपेक्षा आपल्या मालकीची वस्तू दुसऱ्याने वापरल्याचा संताप अधिक तीव्र आहे. रुमालाला एवढे महत्त्व येते तेही यामुळेच. त्याच्या लेखी रुमाल आणि पत्नी ही दोन्ही दिलेली, जपायची आणि परक्या हाती जाऊ न द्यायची ठेव आहे.

स्त्रियांचा स्वर : १६२२ ची चतुर्थपत्री आवृत्ती आणि १६२३ चा संकलित ग्रंथ यांतील संहितांत लक्षणीय फरक आहेत. १६२३ च्या संहितेत सु. १६० ओळी अधिक आहेत. चौथ्या अंकाच्या अखेरीस डेस्डिमोना गाते ते विरहगीत आणि त्यानंतरचे इयागोची पत्नी एमिलिया हिचे भाषण ही दोन्ही याच संहितेत आढळतात. स्त्रियांचे पाऊल घसरते त्याला पतींचे वर्तन कारणीभूत असते, पतींनाच हेवा करता येतो असे नाही, स्त्रियांनाही संवेदना असतात, असे एमिलिया तेथे बजावते. हत्येच्या पूर्वरात्री दोन स्त्रियांमध्ये झालेला हा शांत संवाद पुढील प्रवेशाचे मूल्यमापन आधीच करून ठेवतो. नंतरच्या काळातील प्रयोगांत हा प्रवेश पुष्कळदा गाळला जात असे. त्यामुळे मरण पावणाऱ्या स्त्रीला आधी ऐकण्याची प्रेक्षकाची संधी हुकत असे.

डेस्डिमोनाची अखेरची वाक्ये समीक्षकांना नेहमीच कोड्यात टाकत आली आहेत. प्राण जाताना ती हत्येचा दोष स्वतःवर घेते. हे पातिव्रत्याचे तेज, असे एका परंपरेने मानले; मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या मनोव्यापाराचे यथार्थ दर्शन, असे दुसरीने. कोणताही अर्थ घेतला, तरी नाटक तेथे थांबत नाही. डेस्डिमोनाने झाकलेले सत्य एमिलिया उघड करते. पतीने गप्प राहण्याची आज्ञा केली असता ती ते नाकारते आणि त्याबद्दल त्याच्या हातून मरते. या शोकात्मिकेत पतीच्या हातून होणारी हत्या एक नसून दोन आहेत. आणि दुसरीला प्रेमाचे कारण देणे कोणालाही शक्य नाही. पहिल्या हत्येचा अर्थ दुसरीच्या प्रकाशात पाहावा, अशीच ही योजना आहे.

समीक्षेतील मतभेद : ऑक्सफर्ड येथे १६१० मध्ये झालेला प्रयोग पाहिलेल्या हेन्री जॅक्सन या विद्वानाने एका लॅटिन पत्रात नोंद केली आहे, की पतीने मारलेली डेस्डिमोना शय्येवर निपचित पडली असता केवळ मुद्रेने प्रेक्षकांची करुणा जागवीत होती. स्त्रीभूमिका त्या वेळी मुले करीत असत. सर्वांत जुन्या प्रेक्षकसाक्षींपैकी एकीत नायकाऐवजी मृत स्त्री केंद्रस्थानी आहे, ही लक्षणीय बाब होय. १६९३ मध्ये टॉमस राय्मर याने एका रुमालावर एवढे अनर्थ उभारल्याबद्दल नाटकाची टर उडविली. सॅम्युएल जॉन्सनने १७६५ च्या आपल्या आवृत्तीत हत्येच्या प्रवेशाचे संपादन संपल्याबद्दल सुटकेची भावना व्यक्त केली. तो प्रवेश त्याला असह्य वाटला होता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ए. सी. ब्रॅडली याने (१९०४) ऑथेल्लोला उदात्त, विश्वासू आणि केवळ इयागोच्या असामान्य कपटामुळे फसलेला नायक मानले. ही भूमिका ऑथेल्लोच्या स्वतःविषयीच्या मताशी जवळजवळ एकरूप आहे. टी. एस. एलियटने १९२७ मध्ये अखेरच्या भाषणात आत्मसमाधानाचा प्रयत्न पाहिला, तर एफ. आर. लीव्हिसने १९३७ मध्ये ब्रॅडलीचे मत खोडून काढले. विनाशाचे बीज इयागोमध्ये नसून ऑथेल्लोच्या आत्मगौरवात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. १९७० नंतरच्या स्त्रीवादी समीक्षेने चर्चेची दिशा आणखी बदलून डेस्डिमोना व एमिलिया यांच्या परस्परसंबंधांकडे लक्ष वेधले.

लीव्हिसच्या मांडणीलाही मर्यादा आहे. गौरवर्णीय समाजात ऑथेल्लो हा उपयुक्त, परंतु परका आहे. इयागो नेमक्या याच दुखऱ्या जागी बोट ठेवतो. हे वगळून केवळ आत्मगौरवाला दोष देणे अपुरे आहे. उलट, त्याची हिंसा वंशस्वभावातून आली असे मानणे हा त्याहून मोठा प्रमाद होय. कारण नाटकातील दुसरा पत्नीघातकी, इयागो, हा व्हेनिसचाच आहे. आयरा आल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने १८२५ मध्ये लंडन येथे आणि पॉल रोब्सनने १९३० मध्ये लंडन व १९४३ मध्ये न्यूयॉर्क येथे ही भूमिका केली. रोब्सनच्या न्यूयॉर्कमधील नाटकाचे २९६ प्रयोग झाले. वर्णद्वेषाचा अंश वगळून हे नाटक समजणार नाही, हे अशा प्रयोगांनी प्रत्ययास आणून दिले.

संगीतिका, चित्रपट व मराठी रूपे : ज्यूझेप्पे व्हेर्दी याची ओतेल्लो ही संगीतिका ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलान येथे प्रथम सादर झाली. तिची संहिता आर्रीगो बोइतो याची आहे. पहिल्या अंकातील प्रणयगीताच्या अखेरीस येणारी चुंबनाची सुरावट शेवटी डेस्डिमोनाच्या मृतदेहापाशी पुन्हा ऐकू येते. संगीताच्या दृष्टीने ही योजना अत्यंत प्रभावी आहे. तथापि तिच्यामुळे मृत्यू हा प्रेमाचा भंग न वाटता त्याची परिपूर्ती वाटू लागतो. एमिलियाचे पतींविषयीचे भाषण संगीतिकेत नाही, याचीही येथे दखल घ्यावयास हवी. ऑर्सन वेल्सच्या चित्रपटाचा (कॅन महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिकाचा सहमानकरी, १९५२) प्रारंभ अंत्ययात्रेने होतो. परिणामी कथेतील प्रत्येक प्रणयप्रसंगावर मृत्यूची छाया आधीच पडलेली असते.

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी या नाटकाचे भाषांतर १८६७ मध्ये केले. गोविंद बल्लाळ देवल यांचे झुंजारराव (१८९०) हे रूपांतर रंगभूमीवर विशेष गाजले. पुढे वि. वा. शिरवाडकर यांनीही ऑथेल्लो (१९६१) मराठीत आणले. भारतीय चित्रपटांत जयराज यांच्या कळियाट्टम (मलयाळम्, १९९७) मध्ये कथा केरळातील तेय्यम् या विधिनाट्याच्या परिसरात घडते. विशाल भारद्वाज यांच्या ओंकारा (हिंदी, २००६) मध्ये ती उत्तर प्रदेशातील राजकीय गुंडगिरीत रुजविली आहे. येथे रुमालाची जागा कमरबंदाने घेतली आहे. एमिलियाच्या जागी असलेली इंदू मारली जात नाही, तर इयागोसदृश पतीला स्वतः ठार करते. मूळ नाटकातील स्त्रीस्वराला दिग्दर्शकाने अशा रीतीने कृतीचे बळ दिले आहे.

न्यायालय व वृत्तपत्रे : प्रेमहत्येकडे क्षमाशील दृष्टीने पाहण्याची प्रवृत्ती साहित्यापुरती मर्यादित नाही. इंग्लंडमध्ये १७०७ च्या एका प्रसिद्ध निवाड्यात सरन्यायाधीश होल्ट याने परस्त्रीगमन हे पतीच्या मालमत्तेवरील सर्वांत मोठे आक्रमण ठरविले आणि व्यभिचाऱ्याला प्रत्यक्ष पकडून पतीने मारल्यास तो खून होत नाही, असे तत्त्व मांडले. ऑथेल्लोच्या मनातील मालकीच्या कल्पनेला कायद्याने दिलेली ही मान्यताच होय. या परंपरेतील चिथावणीचा बचाव इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने रद्द झाला. त्याऐवजी आलेल्या आत्मसंयम सुटल्याच्या बचावात जोडीदाराचा व्यभिचार हे स्वतंत्र कारण म्हणून विचारात घेऊ नये, असेही त्यात नमूद केले आहे.

मुंबईतील नानावटी खटल्यात हाच प्रश्न निराळ्या रूपात उपस्थित झाला. नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याचा गोळ्या झाडून वध केला. येथे बळी पत्नी नव्हती. पण दुखावलेल्या पतीची प्रतिमा तीच होती. ब्लिट्झ या साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने जोरदार मोहीम चालविली आणि ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने मात्र खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घर सोडल्यापासून वधापर्यंत सु. तीन तास लोटले असल्याने संयम परत मिळविण्यास पुरेसा अवधी होता, हा त्या निर्णयाचा एक मुख्य आधार होता. १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली. या प्रकरणाशी नाते सांगणारे ये रास्ते हैं प्यार के (१९६३), अचानक (१९७३) व रुस्तम (२०१६) हे हिंदी चित्रपट निघाले. वृत्तपत्रांनी आवेगाकडे पाहिले. न्यायालयाने घड्याळाकडे पाहिले. शेक्सपिअरनेही थपडेपासून शय्येपर्यंतचा अवधी तपशिलाने दाखविला आहे, तो याच कारणास्तव.

मूल्यमापन : मृत्यूपूर्वी ऑथेल्लो उपस्थितांना आपल्याविषयीचे पत्र कसे लिहावे, याच्या सूचना देतो. विवेकाने नव्हे, पण उत्कटतेने प्रेम केलेला पुरुष म्हणून आपली नोंद व्हावी, अशी त्याची इच्छा आहे. त्यानंतर लोडोव्हिको हा शय्येवरील दृश्य झाकण्याची आज्ञा देतो. वृत्तांत मारणाऱ्याच्या इच्छेनुसार लिहिला जाणे आणि मृतदेह नजरेआड होणे, या दोन्ही क्रिया प्रेमहत्येच्या बहुसंख्य कथनांत, वृत्तपत्रांतील ‘प्रेमप्रकरणातून हत्या’ या मथळ्यातही, आढळतात. ऑथेल्लोच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्या यातनाही खऱ्या आहेत. परंतु प्रेम खरे असल्याने हत्येचे समर्थन होत नाही आणि तिचे कारणही स्पष्ट होत नाही, हे या नाटकाचे कठोर सत्य आहे. नायकाविषयी करुणा जागवीत असतानाच शय्येकडे पाहावयास लावणारे नाटक म्हणून या विषयावरील साहित्यात ऑथेल्लोचे स्थान अनन्यसाधारण आहे.