‘काय, कुठे निघालीस?’ हा प्रश्न आहे की नुसती विचारपूस?

खांद्याला पिशवी, पायात चप्पल, दाराला कुलूप. जिन्यात पाऊल टाकलं की समोरच्या काकू हमखास विचारतात, ‘काय गं, कुठे निघालीस?’ आपल्याकडे या ‘कुठे’वर चिडणारी माणसं घरोघरी आहेत. माझी आजी तर बाहेर पडणाऱ्याला कोणी ‘कुठे’ विचारलं की त्याला परत आत बोलवायची, क्षणभर टेकवायची, घोटभर पाणी द्यायची आणि मगच सोडायची. ‘कुठे विचारलंन्, आता कसलं काम होतंय!’ आजीचा राग शकुनाचा होता, माझा वेगळ्या कारणाचा आहे. पण राग दोघींनाही यायचा, हे खरं.

आता हेच वाक्य तुमच्या नोट्समध्ये शोधा. भाषाविज्ञान, समाजशास्त्र, मानवशास्त्र, कुठल्याही विषयाच्या नोट्स घ्या. अभिवादनं, निरोपाची वाक्यं, ‘कसं काय’, ‘जेवण झालं का’ या सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिलेला असतो: फॅटिक. म्हणजे ज्याला माहितीच्या दृष्टीने अर्थ नाही, जे फक्त संबंध टिकवण्यासाठी बोललं जातं ते. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. संशोधनात मात्र या शब्दाने माझं नुकसान केलं. कसं, ते शेवटी सांगते. आधी हा शब्द आला कुठून ते बघू, कारण घोळ बराचसा तिथेच आहे.

ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या 1923च्या पुस्तकाला ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्कीने एक पुरवणी लिहिली. ‘फॅटिक कम्युनियन’ ही जोडी तिथली. ट्रोब्रियँड बेटांवर राहून आलेल्या या माणसाला एक गोष्ट ठासून सांगायची होती: भाषा म्हणजे डोक्यातला विचार दुसऱ्याच्या डोक्यात पोचवायचं साधन, एवढंच नाही. माणसं मासेमारी करताना बोलतात तेव्हा बोलणं हा त्या कामाचाच भाग असतो, आणि संध्याकाळी नुसती बसून बोलतात तेव्हा बोलण्यानेच ती एकमेकांना बांधली जातात. हे त्या काळात सांगणं मोठं होतं. पुरवणी आजही वाचण्यासारखी आहे, आणि मूळच वाचा, गाइडबुकातल्या चार ओळी नकोत.

कारण मूळ वाचलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, मॅलिनोव्स्की उदाहरणं देताना इंग्रजांचं हवेबद्दलचं बोलणं आणि मेलानेशियातलं ‘कुठून आलास?’ ही दोन्ही एका दावणीला बांधतो. दोन्ही वाक्यं कशासाठी, तर समोरासमोर गप्प उभं राहिल्यावर येणारा अवघडलेपणा घालवण्यासाठी. इथे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. हवा कुणाच्याच मालकीची नसते. ‘आज उकडतंय’ म्हटल्यावर मला स्वतःबद्दल काहीही उघड करावं लागत नाही. ‘कुठून आलीस?’ म्हटलं की लागतं.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. अशा गप्पांत एक जण बोलत असतो तेव्हा दुसरा आपली पाळी येईपर्यंत जेमतेम लपवलेल्या अधीरपणाने ऐकत असतो, हेही तो लिहितो. मतभेदातून तिटकाऱ्याचेही बंध तयार होतात, असंही लिहितो. म्हणजे चिडचिड त्याला दिसली होती. ती नोंदवली आणि तो पुढे गेला. त्याच्या मागून आलेल्यांनी तर नोंदवलीही नाही. रोमान याकबसनने 1960 साली छापलेल्या निबंधात भाषेची सहा कार्यं सांगितली. त्यात फॅटिक कार्य म्हणजे संपर्काची वाट उघडी आहे ना, हे तपासणं. फोनवरच्या ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ला हे चपखल बसतं. काकूंच्या ‘कुठे’ला बसत नाही. काकूंना मी ऐकू येतेय हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या वाक्याला अर्थच नाही त्याचा कुणाला राग कशाला येईल? राग येतो तिथे वाक्य काहीतरी मागत असतं. वेळ मागतं, माहिती मागतं, नाहीतर तुमची पायरी कोणती ते मागतं. तेव्हा अभिवादनाचा अभ्यास करायचा तर ‘लोक एवढ्या-तेवढ्यावरून चिडतात’ म्हणून चिडणाऱ्याला बाजूला काढू नका. सुरुवात त्याच्यापासूनच करा.

इथे कुणीतरी हॅरोल्ड गार्फिंकलचं नाव घेईलच. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना रोजच्या वाक्यांचा नेमका अर्थ विचारत सुटायला सांगितलं होतं. 1967च्या ‘स्टडीज इन एथ्नोमेथडॉलॉजी’मध्ये तो किस्सा आहे. ओळखीच्या माणसाने हात हलवून ‘कसा आहेस?’ विचारलं; विद्यार्थ्याने विचारलं, कशाच्या बाबतीत? तब्येत, पैसे, अभ्यास, मनःशांती? समोरचा लालबुंद झाला आणि म्हणाला की मी सभ्यपणा म्हणून विचारलं, तू कसा आहेस याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही. वर्गात हा किस्सा सांगितला की हशा पिकतो, आणि निष्कर्ष काढला जातो: बघा, हे प्रश्न नसतातच.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या किश्शात चिडला तो विचारणारा, कारण त्याने जेवढी दारं उघडली होती त्यापेक्षा जास्त दारांतून दुसरा आत घुसला. जिन्यात चिडते ती मी, म्हणजे जिला विचारलं ती, कारण मी न उघडलेल्या दारावर टकटक झाली. हे दोन राग वेगळे आहेत. एकाच शब्दाखाली घातले की दोन्ही हातचे जातात.

जिन्यातल्या रागाला मला सर्वांत जवळचं वाटलं ते अलेस्सांद्रो दुरांतीचं काम. 1997 साली त्याने अभिवादनांवर एक लेख लिहिला. सामोआ बेटांवर भेटल्यावर ‘कुठे चाललास?’ विचारायची रीत आहे. दुरांती म्हणतो, हे अभिवादन आहे आणि तरीही खरा प्रश्न आहे. आपलं घर, आपला भाग सोडून तू इथे का, याचा जाब त्यात असतो. म्हणून तिथे ‘कामाला चाललोय’ अशी मोघम उत्तरं तयार ठेवलेली असतात. हे वाचताना मी मोठ्याने हसले, कारण आपल्याकडचा साठा लगेच आठवला. ‘जरा इथेच.’ ‘आलेच जाऊन.’ ‘बाहेर.’ ‘काही नाही, असंच.’ प्रश्न पोकळ असता तर उत्तर चुकवायची एवढी जय्यत तयारी कशाला लागली असती? ‘आज उकडतंय’ला चुकवायची उत्तरं नसतात.

आणि विचारलं कुणाला जातं तेही बघा. माझा भाऊ त्याच जिन्यातून रोज उतरतो. त्याला ‘काय रे, कसं काय?’ मिळतं. ‘कुठे निघालीस’ मला. नव्या सुनेला माझ्याहून जास्त, आणि ती संध्याकाळी निघाली तर त्याला ‘आत्ता?’ अशी शेपटीही लागते. हे मी तीन मजल्यांवरून सांगतेय, सिद्धांत मांडत नाहीये. पण कुणाला हवं असेल तर एका इमारतीत महिनाभर नोंदी ठेवून करण्यासारखा छान छोटा प्रकल्प आहे.

दुरांतीच्या लेखात अभिवादन ओळखायच्या सहा खुणा दिल्या आहेत. सहावी खूण अशी: समोरचा माणूस दखल घेण्याजोगा आहे, हे अभिवादनाने मान्य होतं. लेखात ती शेवटी येते. मराठी माणसाने ती पहिली वाचावी, असं मी म्हणेन. 1779 साली, पेशव्यांच्या सरकाराने हरकत घेतल्यावरून, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ म्हणायला मनाई केली. एका शब्दासाठी दोन सरकारं कामाला लागली. ‘नमस्कार’ कोणी म्हणायचा, ‘रामराम’ कोणी, हे ठरलेलं होतं आणि ते मोडलं तर लोक तक्रार घेऊन जात. महारांनी गावातल्या वरच्या मानलेल्या जातींना ‘जोहार’ घालायचा, हा रिवाज होता; चोखोबांच्या अभंगांतही तो शब्द आहे. विसाव्या शतकात त्याच माणसांनी तो टाकला आणि ‘जय भीम’ घेतला. त्याची सुरुवात केल्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. आणि तोच ‘जोहार’ आदिवासी भागांत आज ताठ मानेने म्हटला जातो. आता या सगळ्यापुढे ‘फॅटिक, म्हणजे माहिती शून्य’ असं लिहून बघा. हात थांबतो की नाही? ‘जय भीम’ ऐकल्यावर ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांना त्यातली माहिती बरोब्बर पोचलेली असते.

निरोपाकडे येते. इथे वाचायचं ते शेग्लॉफ आणि सॅक्स यांचं 1973चं ‘ओपनिंग अप क्लोजिंग्ज’. त्यांनी फोनवरची बोलणी तपासली आणि दाखवलं की बोलणं आपोआप संपत नाही, ते दोघांनी मिळून संपवावं लागतं. आधी एक जण ‘बरं’ वगैरे म्हणून पाळी रिकामी सोडून देतो: तुला अजून काही काढायचं असेल तर काढ. दुसऱ्यानेही तशीच रिकामी परत केली की मग निरोप. आपल्याकडे या जागी एक जबरदस्त शब्द आहे, ‘बाकी?’ ‘बाकी काय?’ ‘बाकी काही नाही, तू बोल.’ ‘बाकी मजेत.’ या ‘बाकी’ला वैतागणारे माझ्या पिढीत खूप आहेत. तीनदा ‘काही नाही’ म्हटलं तरी फोन ठेवला जात नाही, ‘ठेवू?’ असं विचारावं लागतं आणि ‘हो, ठेव’ अशी परवानगी यावी लागते. मीही वैतागायचे. मग एकदा लक्षात आलं की आईने दवाखान्यात जाऊन आल्याचं मला दर वेळी तिसऱ्या ‘बाकी काय’नंतर कळलं आहे. आधीची वीस मिनिटं भाजी, पाऊस आणि मावशी.

पत्रांबद्दल थोडक्यात. ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ याला आता कुणी चिडत नाही, कारण कुणी लिहीतच नाही. त्यांची जागा घेतली ती ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ने, आणि हे वाक्य मला खरोखर खटकतं. समोरच्याने हो म्हणायच्या आधीच त्याचा होकार खिशात टाकलेला असतो. गाइडला पहिला मेल लिहिताना तरी ते गाळा. ‘आपल्या उत्तराची वाट पाहते’ पुरतं.

आता माझं नुकसान. माझा विषय गावातल्या पाण्याचा आहे: कुठल्या विहिरीवर कोण भरतं, टँकर आला की रांग कशी लागते. बायकांच्या एकतीस मुलाखती घेतल्या. मेथडच्या प्रकरणात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की औपचारिक विचारपूस वगळून मुलाखतींचं लेखन केलं आहे. म्हणजे प्रत्येक ऑडिओची पहिली काही मिनिटं आणि शेवटची काही मिनिटं मी टाइपच केली नव्हती. फॅटिक होती ना ती.

एका ऑडिओत पाण्याबद्दलचं एक उत्तर नीट ऐकू येत नव्हतं म्हणून सुरुवातीपासून लावलं. पहिल्या मिनिटाला ऐकू आलं: ‘या, बसा. कुठल्या तुम्ही?’ मी गाव सांगितलं. ‘नाव काय?’ मी नाव सांगितलं. ‘तसं नाही, पूर्ण नाव.’ मी आडनाव सांगितलं. मग दोन सेकंद काहीच नाही. मग, ‘बरं. चहा घेता ना?’ पुढे तासभर त्या बाईंनी विहिरीबद्दल जे सांगितलं ते सगळं मी टाइप केलं होतं, त्यावर कोडिंग केलं होतं, एक तक्ताही बनवला होता. ‘सगळेच भरतात, आमच्यात तसलं काही नाही’ हे वाक्य त्या तक्त्यात आहे. ते वाक्य कुणाला सांगितलं गेलं, हे मात्र मी वगळलेल्या दोन सेकंदांत होतं.

दुसऱ्या एका घरी हाच प्रश्न आला तेव्हा मी वैतागून, हसत हसत, फक्त पहिलं नाव सांगून वेळ मारून नेली होती. माझी मोघम उत्तरं इथेही तयार होतीच. त्या आजींनी विहिरीबद्दल पाच-सहा वाक्यांपलीकडे काही सांगितलं नाही. मी त्या मुलाखतीपुढे ‘प्रतिसाद कमी’ असं लिहून ठेवलं होतं. याच ऑडिओच्या शेवटी मी ‘चला, येते मग’ म्हणते, त्या ‘या’ म्हणतात, आणि उंबऱ्यापाशी विचारतात, ‘आता कुठे जाणार? त्या खालच्या आळीला पण जाणार का?’ मी ‘बघू’ म्हणते. रेकॉर्डर तेव्हाही चालू होता, त्याची परवानगी आधीच घेतलेली होती. मी तिथे थांबून उत्तर दिलं असतं तर अजून अर्धा तास बोलणं झालं असतं, असं आज वाटतं.

मेथडमधलं ते वाक्य काढून टाकलं आहे. एकतीस ऑडिओ पुन्हा दोन्ही टोकांकडून टाइप करतेय, गप्प राहिलेले सेकंदही मोजून. अकरा झाल्या. ‘प्रतिसाद कमी’ लिहिलेल्या आणखी तीन त्यात आहेत, त्या आधी घेणार आहे.