किण्व, मेंदूचे चित्र आणि रुक्मिणीचे पत्र

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर हे लहानसे गाव आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी ती हीच आणि रुक्मिणीचे माहेर ते हेच, अशी वऱ्हाडाची दृढ श्रद्धा. दरवर्षी आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. श्रीकृष्णाने तिला ज्या देवळापासून रथात घेतले ते अंबिकेचे देऊळ येथलेच, असे गावकरी सांगतात. अमरावतीची अंबादेवीही तोच मान मागते. ह्या वादाचा निकाल आम्हांस लावावयाचा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. रुक्मिणीने कृष्णास धाडलेले पत्र ऐकताना श्रोत्याच्या अंतःकरणात जे घडते ते काय, आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाचा?

पूर्वी हा प्रश्न रसशास्त्राच्या दारी जात असे. भरताने विभाव-अनुभावांची मांडणी केली, भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले, आणि टीकाकार त्या सामग्रीवर आपले काम भागवीत. अलीकडे हाच प्रश्न मेंदूच्या चित्राकडे नेण्याची प्रवृत्ती वाढली आहे. अमुक कविता वाचताना मेंदूचा अमुक भाग उजळतो, म्हणून तिचे मर्म तेथे, अशा धर्तीची विधाने वाङ्मयचर्चेत शिरू लागली आहेत. विज्ञानाने रसिकाच्या अंगणात येऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कोणते विज्ञान कोणत्या रीतीने यावे, एवढाच आमचा आक्षेपाचा विषय आहे.

प्रथम चित्राची थोरवी व मर्यादा दोन्ही पाहू. १९९० साली सेजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रक्तातील प्राणवायूचे मान बदलले म्हणजे चुंबकीय प्रतिमेत फरक उमटतो. मेंदूचा जो भाग कामास लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो; यंत्र टिपते तो हा ओघ, विचार नव्हे. ओघही काही सेकंद मागाहून येतो, आणि चित्रातील एकेका सूक्ष्म घनात काही लाख मज्जापेशी सामावलेल्या असतात. शस्त्रवैद्यास गाठ काढण्यापूर्वी वाचेचे स्थान कळावे, ह्या कामी ह्या चित्राचा उपकार मोठा आहे. परंतु चित्र जितके डोळ्यांस पटते तितके बुद्धीस पटलेच पाहिजे असे नाही. २००९ साली क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्यास माणसांची भावपूर्ण छायाचित्रे 'दाखविली'. गणिताची योग्य दुरुस्ती न केल्यास त्या मृत मेंदूतही हालचाल दिसते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे २०१६ साली आंदर्स एकलुंड प्रभृतींनी प्रचलित गणनापद्धती तपासल्या, तेव्हा शेकडा पाच अपेक्षित असलेले खोटे होकार काही प्रसंगी शेकडा सत्तरपर्यंत जातात असे आढळले. ह्या चुका संशोधकांनी स्वतःच चव्हाट्यावर आणल्या, हे त्यांस भूषणावह आहे. तथापि ज्या चित्राची अशी तपासणी त्याचे कर्तेच करतात, ते चित्र टीकाकाराने श्रद्धेने डोक्यावर घ्यावे, हे चमत्कारिक नव्हे काय?

ह्या बाबतीत एका मराठी विद्वानाचे कार्य ध्यानात घेण्यासारखे आहे. पुण्यात वैद्यक शिकलेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत दीर्घकाळ संशोधन केलेले मनोविकारतज्ज्ञ दिलीप जेस्ते ह्यांनी इप्सित वाहिया ह्यांच्यासह २००८ साली भगवद्गीतेतील शहाणपणाच्या कल्पनेची आधुनिक कल्पनेशी तुलना प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी टॉमस मीक्स ह्यांच्यासह त्यांनी मेंदूच्या चित्रांचे व इतर संशोधन धुंडाळून, शहाणपणाचा संबंध मेंदूच्या कोणकोणत्या भागांशी असावा ह्याचे अनुमान मांडले. हे अनुमान म्हणूनच मांडले गेले, ही त्यातील प्रामाणिक गोष्ट. परंतु करुणा आणि आत्मसंयम ह्यांच्या जागा नकाशावर सापडल्या, तरी अर्जुनाने शस्त्र खाली का ठेवले आणि पुन्हा का उचलले, हे त्या नकाशावरून कळत नाही. 'कोठे' ह्याचे उत्तर 'का' ह्याचे उत्तर नव्हे.

आता दुसऱ्या एका शास्त्राकडे वळू. पावाचे पीठ फुगविणारे, मद्यास आंबविणारे किण्व हा एकपेशीय जीव. त्यास मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. ह्याचा संपूर्ण जनुकसंच १९९६ साली वाचून झाला. त्यात सुमारे सहा हजार जनुके आढळली. जनुकांची यादी हातात आली म्हणून अर्थ कळला, असे किण्वाच्या अभ्यासकांनी मानले नाही. त्यांनी एकेक जनुक गाळून हजारो वाण तयार केले आणि प्रत्येक वाणाचे काय होते ते पाहिले. भरपूर अन्नात ठेवले असता सुमारे पंचमांश जनुकेच जगण्यास अपरिहार्य ठरली. उरलेल्यांपैकी कित्येकांचे महत्त्व अन्न, उष्णता वा क्षार बदलल्यावरच प्रकट झाले. जे एका परिस्थितीत निरुपयोगी भासले, ते दुसरीत प्राणाधार निघाले! आणि आश्चर्य असे की, मेंदूविषयीही हा मेंदूहीन जीव बोलू लागला. कंपवाताशी संबंध असलेल्या एका प्रथिनाचे मानवी जनुक २००३ साली टियागो औतेरो व सुझन लिंडक्विस्ट ह्यांनी किण्वात घातले. मात्रा वाढविताच प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या आणि पेशी मरू लागली. एक गोष्ट बदला, बाकी तशीच ठेवा, आणि काय बिघडते ते पाहा: ही ती रीत.

आमच्या मते टीकाकाराने उसने आणावयाचे असेल तर हे आणावे. आणि सुदैवाने आमच्या वाङ्मयात असा प्रयोग परंपरेनेच करून ठेवला आहे. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात रुक्मिणीहरण येते. कृष्णाचे तिच्यावर आणि तिचे कृष्णावर मन होते, एवढे तेथे सांगितले आहे. रुक्मीने द्वेषाने तिला दिली नाही, आणि विवाहाच्या आदल्या दिवशी कृष्णाने तिला हरण केले. पत्र नाही. भागवताच्या दशम स्कंधात तेच पात्रवृंद, तोच द्वेष, तेच हरण आहे. परंतु तेथे सात श्लोकांचे पत्र आहे. राक्षसविधीने मला ने, असे तीत रुक्मिणी स्वतः सांगते. कुलदेवीच्या यात्रेस मी नगराबाहेर येईन, हा मार्गही तीच सुचविते. आता ताडून पाहावे. पत्र गळाले की कथा उभी राहते, मरत नाही. पण ती दोन पुरुषांच्या वैराची कथा होते आणि रुक्मिणी त्या वैराचे निमित्त. पत्र आले की तेच हरण तिच्या संमतीचे, किंबहुना तिच्या योजनेचे होते. रथ तोच, अर्थ उलटा.

किण्वाचा दुसरा धडाही येथे लागू पडतो. युद्धवर्णनासाठी आसुसलेल्या श्रोत्यास पत्राचा अभाव जाणवणारही नाही. परंतु एकनाथांनी शके १४९३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या रुक्मिणीस्वयंवराची पारायणे लग्नाच्या मुली करीत आल्या आहेत. नाथांनी ह्या विवाहावर जीवशिवाच्या ऐक्याचा अर्थ चढविला, तरी ज्या मुलीचे स्थळ वडीलभाऊ ठरवीत होता, तिच्या कानी प्रथम काय पडले असेल? आपले मन कळविणारी आणि भावाचा निर्णय मोडणारी मुलगी ग्रंथात पूज्य झाली आहे, हेच ना? अन्न बदलले की जनुक बोलते. श्रोता बदलला की पत्र बोलते.

ह्यावर कोणी म्हणेल, काव्य म्हणजे काही प्रयोगशाळेतील पेशी नव्हे. एक अवयव काढून बाकी तसेच ठेवणे येथे शक्य नाही. हा आक्षेप खरा आहे. दोन पुराणांत पत्राखेरीज इतर भेदही आहेत, आणि तुलना करणाऱ्याची स्वतःची रुची हीदेखील एक परिस्थितीच होय. म्हणून आमचा निष्कर्ष आम्ही पुराव्याच्या बेताने मांडतो: पत्र हे ह्या कथेचे अलंकरण नसून तिच्या न्यायबुद्धीचे अधिष्ठान आहे. ज्यास हे खोटे वाटत असेल त्याने दुसरी पाठभेदाची जोडी आणून ते खोडावे. मेंदूच्या उजळलेल्या चित्राने मात्र ते सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही. कारण रुक्मिणीच्या प्रेमाने मेंदू उजळतो, तसाच रुक्मीच्या क्रोधानेही उजळतो. दोहोंपैकी न्याय्य कोणते, हे पत्र वाचूनच ठरवावे लागते.