बिशप अँड्रूज याचें प्रार्थनांचें बाड

जुनीं दफ्तरें व मठांतील गांठोडीं सोडून पाहणारांस ‘बाड’ हा प्रकार नवा नाहीं. हातांत मावेल एवढी शिवलेली वही. तींत कोठें एखादें स्तोत्र, कोठें चार अभंग, कोठें श्लोकार्ध, मध्येंच ज्वरावरील काढा. याद्या करणारा ‘संकीर्ण’ असा शेरा मारून ती बाजूस सारतो. कारण आंतील एकहि ओळ लिहिणाराची स्वतःची नाहीं असें त्यास दिसतें. ओळ दुसऱ्याची म्हणून बाडहि दुसऱ्याचें, असा हा न्याय आहे. तो कितपत टिकतो हें पाहण्यास इंग्लंडांतील एक बाड फार उपयोगी पडण्यासारखें आहे. त्याचा कर्ता बिशप लॅन्सलॉट अँड्रूज (१५५५–१६२६). ‘प्रेकेस प्रिवाताए’ म्हणजे ‘खाजगी प्रार्थना’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्याच्या ग्रंथांतील फार मोठा भाग बायबलांतून किंवा प्राचीन ख्रिस्ती उपासनाग्रंथांतून उचललेला आहे. आणि तरीहि इतका एकट्या माणसाचा असा प्रार्थनाग्रंथ आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

अँड्रूज हा मोठा पंडित व मोठा अधिकारी. केंब्रिज येथील पेंब्रोक विद्यालयाचा प्रमुख, वेस्टमिन्स्टरचा डीन, पुढें चिचेस्टर (१६०५), एली (१६०९) व विंचेस्टर (१६१९) येथील बिशप असा त्याचा चढता क्रम आहे. पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेनें झालेलें जें इंग्रजी बायबल १६११ सालीं छापून निघालें, त्यासाठीं नेमलेल्या मंडळांपैकीं वेस्टमिन्स्टर येथील पहिल्या मंडळाचा तो मुख्य होता. उत्पत्तीच्या पुस्तकापासून राजांच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचा भाग त्या मंडळाकडे होता. म्हणजे बायबल इंग्रजींत कसें बोलावें हें ठरविणारांपैकीं हा एक. पण स्वतः देवाशीं बोलावयास बसला कीं इंग्रजी बाजूस ठेवी, आणि ग्रीक, हिब्रू व लॅटिन या भाषांत लिही. याचें कारण केवळ पांडित्य असावें असें आम्हांस वाटत नाहीं. अँड्रूज हा राजदरबारचा नामांकित प्रवचनकार होता. मातृभाषेंत अशा मनुष्याच्या ओठावर शब्द आपोआप चढतात, आणि आपोआप चढलेले शब्द प्रार्थनेच्या कामाचे नसतात. ग्रीक लिहितांना त्यास प्रत्येक शब्द निवडून घ्यावा लागे.

त्याच्या हयातींत या प्रार्थना छापल्या गेल्या नाहींत. मृत्यूच्या थोडें आधीं त्यानें एक प्रत आपला स्नेही विल्यम लॉड यास दिली. तशी लॉडच्या हातची नोंद तीवर आहे. दुसरी एक प्रत अँड्रूजचा लेखनिक सॅम्युएल राइट याच्या हातची आहे. १६४८ त रिचर्ड ड्रेक यानें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्याच्या प्रस्तावनेंत कर्त्याच्या मूळ वहीचें जें वर्णन आहे तें संग्राहकांनीं मुद्दाम पाहण्यासारखें आहे: ती हाताळून हाताळून मळलेली व पश्चात्तापाच्या अश्रूंनीं भिजलेली होती, असें तो सांगतो. डाग अश्रूंचा कीं साध्या पाण्याचा हें ओळखण्याचें साधन ड्रेकपाशीं नव्हतें, आणि शिष्यवर्गाच्या भक्तीस आम्ही पुरावा मानीत नाहीं. पण मळ हा चांगला साक्षीदार असतो. केवळ संग्रहासाठीं केलेली वही अशी मळत नाहीं. बिशप बकरिज यानें अंत्यविधीच्या प्रवचनांत अँड्रूज शेवटच्या काळांत दिवसाचे पांच तासांच्या सुमारास प्रार्थनेंत घालवी असें सांगितलें आहे, त्याशीं ही मळलेली वही जुळते. मूळ ग्रीक व लॅटिन मजकूर १६७५ त ऑक्सफर्ड येथें जॉन लँफायर यानें छापविला. आणि लॉडची प्रत, जी पुष्कळ काळ कोणाच्या दृष्टीस नव्हती, ती १८९२ त मेड यानें छापून प्रसिद्ध केली.

येथें थोडें विषयांतर करितों. लॉड हा पुढें कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि पार्लमेंटाच्या कैदेंत पडला. १६४३ त प्रिन नांवाच्या त्याच्या वैऱ्यानें टॉवरच्या किल्ल्यांत त्याची झडती घेऊन कागद नेले; त्यांत लॉडची रोजनिशी व त्याच्या स्वतःच्या प्रार्थनांची वहीहि होती. रोजनिशी प्रिननें पुढच्याच वर्षीं आपल्या सोयीप्रमाणें कापून छांटून छापली. १६४५ त लॉडचा शिरच्छेद झाला. खाजगी वही खाजगीच राहील याचा भरंवसा त्या काळीं नव्हता. अँड्रूजचें बाड अशा वैऱ्याच्या हातीं पडतें, तर त्यास बहुतेक बायबलाचींच वचनें सांपडलीं असतीं!

आतां रचनेकडे वळूं. अँड्रूज वचन घेतो तें जसेंच्या तसें ठेवितो असें नाहीं. सायंकाळच्या प्रार्थनेचें उदाहरण घ्या. लूकाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत अम्माऊस गांवाकडे जाणाऱ्या दोन शिष्यांची कथा आहे. वाटेंत भेटलेला प्रवासी हा उठलेला ख्रिस्त आहे हें त्यांस ठाऊक नसतें. दिवस कलला आहे, आमच्याकडे उतरा, अशी ते त्यास गळ घालतात. हें सामान्य आतिथ्याचें बोलणें आहे. अँड्रूज त्यांतील ‘आमच्या’चें ‘माझ्या’ करितो, आणि कललेला दिवस हा आपल्या कष्टी आयुष्याचा दिवस आहे असा एक शब्द घालतो. तत्पूर्वीं त्यानें एकाहत्तराव्या स्तोत्रांतील वृद्धाची विनवणी योजिलेली असते, कीं म्हातारपणीं टाकूं नको. दोन वचनें, दोन निरनिराळ्या काळांचीं, एक राजाच्या नांवावरील गीतांतलें व एक रस्त्यावरच्या संभाषणांतलें; त्यांच्यामध्यें दिवसास जशी संध्याकाळ तशी आयुष्यास वार्धक्य एवढाच सांधा. सर्वनाम बदललें आणि दोन वचनें शेजारीं बसलीं, इतकेंच घडलें. पण तेवढ्यानें आतिथ्याचें बोलणें मरणाच्या दारांतलें बोलणें झालें. असा फरक करण्यास नवीन ओळ रचण्यापेक्षां अधिक धारिष्ट लागतें असें आमचें मत आहे.

दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. पश्चात्तापाच्या एका ठिकाणीं तो स्वतःस किडा म्हणतो व लागलेंच मेलेलें कुत्रें म्हणतो. मूळ न पाहणारास ही नुसती आत्मनिंदा वाटेल, आणि तशी ती कित्येकांस अतिरेकी वाटलीहि असेल. पण किडा हा शब्द बाविसाव्या स्तोत्रांतला, आणि त्याच स्तोत्राचा आरंभ ख्रिस्तानें क्रूसावर उच्चारिला. मेलेलें कुत्रें हे शब्द मफीबोशेथाचे. हा शौल राजाचा नातू, दोन्ही पायांनीं लंगडा, पडत्या घराण्यांतला शेवटचा दुवा. दाविदासमोर आणिला तेव्हां त्यानें स्वतःस असें संबोधिलें. दावीद त्यास काय म्हणाला? तुझ्या आज्याची जमीन तुला परत देतों, आणि तूं नित्य माझ्या पंक्तीस जेव. तो प्रसंग ज्यास पाठ आहे त्यास या दोन शब्दांत आसनहि मांडलेलें दिसतें. अँड्रूज आशेचा उच्चार तेथें करीत नाहीं. ती त्यानें उसन्या शब्दाच्या पोटांत ठेविली आहे. उसनी ओळ म्हणजे आपली ओळ नव्हे, असें म्हणणारांनीं हें स्थळ अवश्य पाहावें.

ग्रंथाचा सांगाडा आठवड्याचा आहे. रविवारीं प्रकाशाची उत्पत्ति व ख्रिस्ताचें पुनरुत्थान, सोमवारीं अंतराळ व जळ, अशा क्रमानें शनिवारच्या विसाव्यापर्यंत उत्पत्तीचा पहिला अध्याय सात दिवसांवर वांटला आहे. शुक्रवारीं मनुष्याची निर्मिति व त्याचा उद्धार एकत्र येतात. प्रत्येक दिवशीं स्मरण, पापांची कबुली, कृपेची याचना, श्रद्धेचा उच्चार, इतरांसाठीं मागणें व स्तुति हीं अंगें येतात. योजना भव्य आहे. परंतु नित्य वाचणारास ती जड होते. कांहीं ठिकाणीं यादीमागून यादी येते, आणि वर्गीकरणाचा हव्यास इतका कीं देवापुढें बसलेला भक्त कीं परीक्षकापुढें बसलेला विद्यार्थी हें कळेनासें होतें. आठवड्याचा हा भाग आम्ही ग्रंथाचा उत्तम भाग मानीत नाहीं, जरी बहुतेक भाषांतरांचा त्यावरच भर आहे.

उलट, जेथें आधार संपतो तेथें माणूस उघडा पडतो. कृतज्ञतेच्या एका उताऱ्यांत तो आईबाप, गुरु, उपकारकर्ते व सोबती यांबद्दल आभार मानतो. ज्यांच्या लेखांनीं, प्रवचनांनीं व उदाहरणानें भलें झालें त्यांस आठवितो. आणि त्याच रांगेंत ज्यांनीं दोष दिला व ज्यांनीं इजा केली त्यांसहि बसवितो. इतरांसाठीं मागतांना ज्या पारिशांत, शाळेंत, विद्यालयांत व देवळांत त्याचें आयुष्य गेलें त्यांचीं नांवें येतात. संशोधकांस हीं नांवें म्हणजे कालनिर्णयाचें साधन आहे. ज्या यादींत एलीचें नांव आहे ती १६०९ पूर्वींची असूं शकत नाहीं, हें कोणासहि कळेल. म्हणून आमच्या मतें हें बाड एका बैठकीचें नसून अनेक वर्षें वाढत गेलेलें आहे.

मात्र येथें एक मोह टाळावा. १६१३ त अर्ल ऑफ एसेक्स याचा विवाह रद्द करण्याच्या प्रकरणीं न्यायमंडळांत अँड्रूज होता, आणि राजास जें हवें होतें त्याच बाजूस त्यानें मत दिलें. त्याच्या चरित्रावरील हा डाग सर्वमान्य आहे. तेव्हां एवढा पश्चात्ताप त्या मताचाच, अशी सांगड घालण्याची इच्छा होणें साहजिक आहे. पण पश्चात्तापाचे शब्द कोणाचे? बरेचसे एकावन्नाव्या स्तोत्राचे व मनश्शेच्या प्रार्थनेचे. अशा शब्दांवरून अमुक सालचें अमुक पाप काढणें म्हणजे आरतीवरून घराण्याची वंशावळ काढण्यासारखें आहे. निवडीवरून स्वभाव कळतो. घटना कळत नाहीं.

राहिला प्रश्न संपादकांचा, आणि आमची तक्रार येथेंच आहे. हस्तलिखितांत मजकूर सलग नाहीं. लहान लहान ओळी, बाजूस महिरपी कंस, एका क्रियापदाखालीं पायऱ्यांप्रमाणें उतरत गेलेलीं नामें, अशी त्याची मांडणी आहे. शब्द जर जुने, तर लिहिणाराचें काय उरलें? निवड, क्रम आणि ही मांडणी. डीन स्टॅनहोप याच्या भाषांतरानें (१७३०) नेमकें हेंच पुसून टाकिलें. त्यानें पायऱ्यांच्या मधल्या जागा गुळगुळीत वाक्यांनीं भरून काढिल्या. तें वाचण्यास सोपें आहे, आणि त्यांत अँड्रूज नाहीं. न्यूमन याच्या १८४० च्या भाषांतरांत ओळी परत आल्या. पण ‘भाषांतरित व क्रमवार लाविलेल्या’ असें तो स्वतःच शीर्षकांत सांगतो, आणि हा क्रम लावणेंच आम्हांस खटकतें. एकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हां तींत आपली ओवी घालणारास दोष दिला. ओव्यांचा क्रम फिरविणारास त्यांनीं काय म्हटलें असतें? ब्राइटमन याची १९०३ ची आवृत्ति या सर्वांत श्रेष्ठ. वचनावचनाचें मूळ त्यानें शोधून दिलें आहे, आणि ओळींचा आकार राखिला आहे. वर मफीबोशेथाची जी ओळख पटते ती अशाच परिश्रमाचें फळ. तथापि निरनिराळ्या प्रतींतील मजकूर त्यानेंहि एका सूत्रांत गुंफिला आहे. त्या आकाराचा ग्रंथ अँड्रूजनें स्वतः कधीं लिहिला नव्हता. लॉडची प्रत व राइटची प्रत पानाशेजारीं पान अशा छापल्यावांचून बाडाचें खरें रूप कळणार नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकांस या ठिकाणीं फादर स्टीफन्स आठवेल. तो अँड्रूजचाच समकालीन व इंग्रजच. १५७९ त गोव्यास आला, आणि त्याचें क्रिस्तपुराण १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. दोघांच्या हातीं एकच धर्मग्रंथ. स्टीफन्सनें तो लोकांस सांगावयाचा म्हणून मराठी ओवींत ओतला, शब्द नवे केले. अँड्रूजनें तो कोणासच सांगावयाचा नव्हता, म्हणून शब्द जुने ठेविले. १८९५ त ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे अभंग तिसऱ्या जातीचे आहेत: तेथें शब्द कवीचे, पण घाट तुकारामबोवांचा, आणि बोलणें पूर्णपणें एकांतांतलें. टिळकांचे अभंग गातां येतात. अँड्रूज गातां येत नाहीं, मोठ्यानें वाचणेंहि कठीण. तो ओठांत पुटपुटण्याचा ग्रंथ आहे.

ज्यांस ग्रीक येत नाहीं त्यांनीं ब्राइटमनची प्रत मिळवावी, सायंकाळच्या प्रार्थनेपासून आरंभ करावा, आणि दिलेली वचनें बायबल उघडून एकेक ताडून पाहावीं. आठवड्याचा भाग मागाहून वाचला तरी चालेल.